नवरात्रीचा नऊ साड्यांचा संच: कापड पैसे वसूल, अर्थांचं पत्रक रद्दीत

गणपती उठले की नवरात्रीच्या नऊ रंगांचे खोके विकायला येतात. पितृपक्षात खरेदी नको म्हणणारी मंडळीही हे मात्र आधीच सांगून ठेवतात, कारण घटस्थापनेच्या आठवड्यात राखाडी आणि मोरपंखी साडी मागितली तर दुकानदार नुसता हसतो. आम्ही तपासलेला संच याच जातीचा. २०२५ च्या यादीप्रमाणे पांढरी, लाल, गडद निळी (यादीच्या भाषेत 'रॉयल ब्लू'), पिवळी, हिरवी, राखाडी, केशरी, मोरपंखी आणि गुलाबी अशा नऊ साड्या, आणि सोबत 'कोणत्या दिवशी कोणता रंग व त्याचा अर्थ' सांगणारं गुळगुळीत पत्रक. नमुना, काठ आणि पोत नऊही साड्यांना एकच, फक्त रंग वेगळा. साडेपाच मीटर साडी, पुढे ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउज पीस जोडलेला, दोन्ही बाजूंना चार बोटं रुंदीचे जरीचे काठ, पदराला आडवे पट्टे. किंमत सुटी साडी घेतल्यापेक्षा साडीमागे शे-सव्वाशे रुपयांनी कमी पडते. असे संच बरेच जण विकतात आणि माल बहुतेक एकाच प्रकारच्या मागांवरचा असतो, त्यामुळे खालचं बरंचसं इतर खोक्यांनाही लागू पडेल.

आधी कापड. चिठ्ठीवर 'कॉटन सिल्क' लिहिलंय, आणि यात सिल्क शोधू नये. पदराच्या टोकाचे दोन-तीन ताण्याचे (उभे) आणि दोन-तीन बाण्याचे (आडवे) धागे सुटे करून चिमट्यात धरून जाळा. बाण्याचा धागा कागदासारखा भुरकन जळतो आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख सोडतो, म्हणजे सूत. ताण्याचा आधी आक्रसतो, मग वितळून टोकाला काळा कडक मणी धरतो, म्हणजे पॉलिएस्टर. केस जळाल्याचा वास कुठेच नाही, तेव्हा रेशीमही नाही. बाजारात 'कॉटन सिल्क' हे नाव बऱ्याचदा चकाकीसाठी वापरतात, धाग्यासाठी नाही. ही काही फसवणुकीची कमाल नव्हे. या किमतीत रेशीम मिळेल असं मानणारं गिऱ्हाईकही विरळाच. पण दोन जातींचे धागे एकत्र असल्याचा रंगाशी थेट संबंध आहे, म्हणून ते आधी कळायला हवं.

सुताला रंग लागतो तो रिअॅक्टिव्ह जातीचा: मीठ आणि सोडा घातलेल्या पाण्यात तो धाग्याशी पक्का जोडला जातो. पॉलिएस्टरला त्याचा उपयोग नाही. तिथे डिस्पर्स रंग लागतो आणि तो भरपूर उष्णतेत धाग्यात शिरतो. म्हणजे एका साडीत दोन रंगाई आहेत, आणि रंगाऱ्याने दोन्ही छटा जुळवून आणलेल्या असतात. पुढे धुताना पॉलिएस्टरचा रंग बसल्या जागी राहतो, सुताचा मात्र हळूहळू उतरतो. चार-पाच धुण्यांनंतर साडी नुसती फिकी होत नाही, तर दोन्ही धाग्यांचे रंग वेगळे दिसू लागतात. इरकल किंवा नारायणपेठी साडीत उभे-आडवे धागे दोन रंगांचे घेऊन मुद्दाम विणलेली धूपछाव सुंदर दिसते. ही आपोआप झालेली धूपछाव तशी दिसत नाही.

रंग किती पक्का हे घरी पाहायची रीत सोपी आहे. पांढरा सुती रुमाल बोटाला गुंडाळून साडीच्या आतल्या बाजूला, काठापासून दूर, सरळ रेषेत दहा वेळा घासा. मग त्याच रुमालाचा दुसरा कोपरा ओला करून, पिळून, पुन्हा दहा वेळा. प्रयोगशाळेतही हेच करतात, फक्त तिथे घासायला यंत्र असतं आणि उतरलेला रंग १ ते ५ च्या मापपट्टीशी ताडून पाहतात, ५ म्हणजे काहीच नाही. कोरड्या घासणीत या संचातल्या आठ साड्या निभावल्या. ओल्या घासणीत लाल आणि निळीने रुमाल चांगलाच रंगवला, गुलाबी आणि मोरपंखीने थोडा. पिवळी, केशरी, राखाडी, हिरवी ठीक. कोरड्यातही डाग देणारी एकच, लाल.

लाल आणि गडद निळ्याचं हे दुखणं जुनं आहे. गडद छटेसाठी रंगद्रव्य जास्त घालावं लागतं. त्यातलं काही धाग्याशी जोडलं न जाता नुसतं पाण्याशी जोडलं जातं आणि धाग्यावर चिकटून बसतं. रंगाईनंतर उकळत्या साबणपाण्यात दोन-तीन वेळा धुऊन हा मोकळा रंग काढून टाकायचा असतो. पाणी, इंधन आणि वेळ वाचवायला हीच पायरी आखडती घेतात, आणि मग तो मोकळा रंग गिऱ्हाइकाच्या बादलीत निघतो किंवा, गरब्याला घाम आला की, ब्लाउजच्या अस्तरावर. म्हणून लाल आणि निळ्या ब्लाउजला पांढरं अस्तर लावू नये. त्याच रंगाचं किंवा गडद घ्यावं.

लाल साडीपुढे पत्रकात लिहिलंय: 'शक्ती, प्रेम, उत्कटता'. शक्ती ठीक आहे, देवीचा रंग तो. कुंकू, मळवट, मंगळवार सगळं तिथेच येतं. पण लाल म्हणजे सौभाग्य आणि बस्स, असं समजणाऱ्यांनी 'आलवण' हा शब्द आठवावा. केशवपन केलेल्या विधवेचं ते लुगडं तांबडंच असे. एकाच प्रांतात, एकाच काळात, सवाष्णीचं कुंकू लाल आणि विधवेचं वस्त्रही लाल. फरक छटेत, जागेत आणि काठ असण्या-नसण्यात. रंगाला अर्थ असतो तो असा, कुठे आणि कशासोबत यावरून ठरणारा. पत्रकाला याची गंधवार्ता नाही, आणि पत्रकाबद्दलची तक्रार इथूनच सुरू होते.

नऊ रंगांपुढचे अर्थ वाचत गेलं की भाषेवरूनच कळतं, हे इंग्रजी मजकुराचं भाषांतर आहे. पांढरा 'निरागसता', गडद निळा 'श्रीमंती व अभिजातता', पिवळा 'आशावाद', हिरवा 'वाढ', राखाडी 'संतुलित भावना', केशरी 'ऊब', मोरपंखी 'वेगळेपण', गुलाबी 'वैश्विक प्रेम'. दहाव्या दिवसाचा जांभळा खोक्यात नाही, पण पत्रकात आहे: 'राजेशाही थाट'. यातला एकेक अर्थ महाराष्ट्राच्या मातीत रुजवून पाहिला तर दोन-तीनच तग धरतात.

राखाडीचंच घ्या. 'संतुलित भावना' म्हणे. मराठीत या रंगाला दोन नावं आहेत आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा. राखाडी राखेतून येतो, त्यामागे विभूती, अंगारा, वैराग्य. करडा म्हटलं की लगेच करडी नजर आणि करडी शिस्त आठवते. नाट्यशास्त्रात रसांचे रंग सांगितलेत, तिथे कपोत म्हणजे पारव्याचा रंग करुण रसाला दिलाय. वैराग्य, कडकपणा, करुणा, तिन्ही अर्थ आपल्या घरातले. संतुलन त्यात कुठेच नाही, ते काळं आणि पांढरं यांच्या मधलं म्हणून कुणीतरी कागदावर बसवलेलं गणित आहे.

कापड म्हणूनही संचातली राखाडी सर्वांत अडचणीची, आणि त्याचं कारण खास आहे. राखाडी रंग एका द्रव्याने क्वचित होतो. पिवळा, लाल, निळा अशी तीन द्रव्यं मोजून घालून तो तोलावा लागतो. अशा मिश्रणाचा तोल प्रकाश बदलला की ढळतो. दुकानाच्या पांढऱ्या दिव्यात निखळ राखाडी दिसणारी ही साडी दुपारच्या उन्हात हिरवट झाक मारते आणि घरातल्या पिवळसर बल्बखाली तांबूस दिसते. डोळ्यांचा दोष नव्हे. यामुळेच एका उजेडात जुळलेली दोन कापडं दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात, त्याला रंगाईवाले मेटामेरिझम म्हणतात. ब्लाउजचं वेगळं कापड जुळवायचं असेल तर दुकानातून बाहेर येऊन उन्हात एकदा आणि दिव्याखाली एकदा, असं दोन्हीकडे पाहिल्याशिवाय घेऊ नये. राखाडीवर हलका चंदेरी किंवा काळा ब्लाउज घातला तर जुळवाजुळवीचा प्रश्नच मिटतो.

पांढरी साडी स्वच्छ आहे, पण तिचा पांढरेपणा धाग्याचा नाही. चकाकी आणणारं द्रव्य घातलंय, जे उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड परत देतं. रंगमंचावरच्या जांभळट दिव्यात ती भकभकीत निळी चमकेल, हे गरब्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वरून नीळ घालायची गरज नाही, घातली तर पातळ घालावी, नाहीतर घड्यांवर निळे ओघळ उठतात. पोत विरळ असल्याने परकर दिसतो. पांढरा परकर घातला तर त्याची कड उठून दिसते, अंगाच्या रंगाशी जुळणारा घातला की नाहीशी होते. अर्थाचं म्हणाल तर पत्रकातल्या 'निरागसते'शी काही भांडण नाही, शांतीशीही नाही. पण नाट्यशास्त्रात पांढरा हास्याचा रंग आहे, हे वाचून भल्याभल्यांना हसू येईल. आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पांढरी साडी वेगळंच काही सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ हा विजयादशमीचा दिवस होता, आणि धम्मदीक्षा घ्यायला लोक पांढरी वस्त्रं नेसून आले होते.

त्याच धाग्याने निळ्याकडे यावं लागतं. पत्रकातली 'श्रीमंती' ही 'रॉयल' या इंग्रजी विशेषणातून आलेली दिसते, निळ्या रंगातून नव्हे. महाराष्ट्रात भर रस्त्यात निळा झेंडा दिसला की लहान पोरालाही कळतं तो कुणाचा. निळा म्हणजे जय भीम, समता. नऊ रंगांत सार्वजनिक अर्थ इतका ठळक असलेला दुसरा रंग एकच, भगवा, आणि तो पत्रकात 'ऊब' होऊन बसलाय. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका, संन्याशाची छाटी, गडावरचं निशाण, हे सगळं 'ऊब' या शब्दात कोंबणाऱ्याने महाराष्ट्रात एक आषाढही काढला नसावा. इथे एक बारीक गोष्ट: संचातली साडी भगवी नाही, केशरीही धड नाही. संत्र्याच्या सालीचा उजळ नारंगी आहे. ज्यांना भगवा हवा त्यांनी पावलाभर तांबड्याकडे झुकणारी वेगळी साडी घ्यावी.

पिवळी आणि हिरवी या संचातल्या सर्वांत निर्धास्त साड्या. पिवळी हळदीची आहे, लिंबाची नाही, आणि ते बरंच झालं. मामाकडून येणारी अष्टपुत्री, जेजुरीचा भंडारा, हळदीकुंकू हे सगळं त्याच छटेत बसतं. 'आशावाद' वगैरे असू द्या. आपल्याकडे पिवळ्याला मंगल म्हणतात, आणि पिवळ्याची दुसरी बाजूही भाषेनेच सांगून ठेवलीय: कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. हिरवीची छटा चुड्याची, पोपटी नव्हे. पत्रकातली 'वाढ' इथे एकदाच बरोबर उतरलीय: हिरव्या बांगड्या, डोहाळजेवणाची हिरवी साडी, ओटी. गुलाबी बाजारात 'राणी' म्हणतात तसली, भडक. ओल्या घासणीत थोडा रंग सोडते एवढंच. वैश्विक प्रेमाचं काय ते कळत नाही, पण मराठीत गुलाबी असते ती थंडी, आणि गुलाल उधळला जातो तो निकाल लागल्यावर.

मोरपंखीवर दरवर्षी भांडणं होतात आणि होत राहतील. हा रंग हिरव्यात मोडतो की निळ्यात, यावर कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप गटात आदल्या रात्री जेवढी चर्चा होते तेवढी अर्थसंकल्पावरही होत नाही. इंग्रजी यादीत तो 'पीकॉक ग्रीन' आहे म्हणून हिरवा, मराठीत मोरपंखी-मोरपिशी म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर निळसर झाक येते. संचातली साडी निळ्याकडे झुकलेली आहे. फिरोजी रंगद्रव्य आणि पिवळं मिळून हा रंग करतात. फिरोजीचा रेणू मोठा, धाग्यात सावकाश शिरतो आणि मोकळा राहिलेला धुऊन काढायलाही चिवट, म्हणून तो ओल्या घासणीत सुटतो. उलट उन्हाला तो खंबीर असतो. उन्हात वाळवत राहिलं की सोबतचा पिवळा आधी उडतो आणि साडी वर्षागणिक जास्त निळी दिसू लागते. म्हणजे यंदा ज्यांनी 'ही हिरवी आहे' म्हणून वाद घातला ते पुढच्या वर्षी हरतील.

जांभळी वेगळी घ्यावी लागते. तिच्यापुढच्या 'राजेशाही थाटा'चा उगम महाराष्ट्रात नाहीच. भूमध्य समुद्राच्या काठी समुद्री गोगलगायींपासून जांभळा काढत. थेंबभर रंगाला ढीगभर गोगलगायी लागत, म्हणून तो रोममध्ये सम्राटांच्या अंगावर चढला आणि युरोपात राजेपणाशी कायमचा चिकटला. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने क्विनाइन करायच्या खटपटीत अपघाताने कृत्रिम जांभळा केला आणि तो रंग कुणालाही परवडू लागला. राजेपण मात्र शब्दात उरलं. आपल्याकडे जांभळा जांभळाचा, वांग्याचा. महागाईशी त्याचा संबंध कधी आला असेल तर वांगी महागतात तेवढाच.

आता पत्रकातली सर्वांत मोठी चूक, आणि ती छपाईची नाही. प्रत्येक दिवसापुढे रंग, देवीचं नाव आणि अर्थ असे तीन रकाने आहेत: पहिली शैलपुत्री, पांढरा, निरागसता, वगैरे. वाचणाऱ्याला वाटतं शैलपुत्रीचा रंग पांढरा. शैलपुत्री दरवर्षी पहिल्या दिवशी असते, पण पहिला रंग दरवर्षी वेगळा. २०२० ला राखाडी होता, २०२३ ला केशरी, २०२४ ला पिवळा, २०२५ ला पांढरा. कारण रंग तिथीवर नाही, वारावर चालतो. रविवार केशरी, सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार गडद निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी. घटस्थापना ज्या वारी त्या वाराचा रंग पहिला, मग सात दिवस ओळीने. २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला गुरुवार होता म्हणून पिवळा, २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला सोमवार होता म्हणून पांढरा. आठव्या दिवशी वार पुन्हा येतो आणि तोच रंग दोनदा नको म्हणून मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन जोडतात. २०२५ मध्ये एक तिथी वाढली, दसरा २ ऑक्टोबरला गेला, दहा दिवस झाले, तेव्हा तिन्ही लागले.

देवी तिथीने येते, रंग वाराने येतो. दोघांची गाठ एका वर्षापुरती पडते आणि पुढच्या वर्षी सुटते. त्या गाठीवर अर्थाचा तिसरा रकाना चढवायचा म्हणजे पाण्यावर रेघ. ही प्रथा देवीभागवतातली वगैरे नाही. मराठी वृत्तपत्रांनी २००० नंतरच्या दशकात वाचकांसाठी सुरू केली, लोकलच्या डब्यांतून आणि बँकांच्या काउंटरांमागून ती पसरली. त्यात वाईट काही नाही. बायका एका रंगात एकत्र आल्या की ऑफिसचा कंटाळवाणा मंगळवारही उजळतो. नवी प्रथा नवी म्हणून चांगली आहे, तिला जुनी म्हणवून घ्यायची गरज नाही.

वारांच्या रंगांमागे थोडं जुनं खरंच दडलंय. सूर्याचा तांबूस-केशरी, चंद्राचा पांढरा, मंगळाचा लाल, गुरूचा पिवळा, इथपर्यंत ग्रहांच्या रंगांशी मेळ बसतो. मग घसरण सुरू होते. बुधाचा रंग हिरवा, यादीत निळा. शुक्राचा पांढरा, यादीत हिरवा. शनीचा काळा किंवा निळा, यादीत राखाडी. काळा सणात नको म्हणून शनिवारला राखाडी देऊन टाकला असावा, असा अंदाज बांधता येतो. गंमत अशी की सातवी देवी कालरात्री, आणि नऊ रंगांत काळा नाही. संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळा नेसून, अंगावर हलव्याचे दागिने घालून नवी नवरी मिरवते. तेव्हा काळा अशुभ नसतो.

यातून खरेदीचा एक नियम निघतो, जो कुठल्याही खोक्यावर लिहिलेला नाही. वारांचे सात रंग पक्के आहेत, दरवर्षी लागतात. वरच्या तिनांतले कोणते दोन येतील ते बदलतं: २०२० आणि २०२३ ला मोरपंखी आणि जांभळा, २०२४ ला गुलाबी आणि जांभळा, २०२५ ला मोरपंखी आणि गुलाबी, दहाव्याला जांभळा. म्हणजे नऊचा संच त्याच वर्षापुरता पुरा आहे. पुढच्या वर्षी यातल्या सात हमखास चालतील, आठवी-नववी चालतीलच असं नाही. वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर रंग दहा लागतात. विक्रेत्याने दहावी जांभळी संचाच्याच भावात द्यायला हवी होती. सध्या ती सुटी, महाग आणि वेगळ्या पोताची मिळते. घरात आधीच चांगली लाल, हिरवी, पिवळी असेल तर पूर्ण खोका घेऊच नये. राखाडी, मोरपंखी, जांभळी या तीनच सुट्या घ्याव्यात. कपाटात नसतात त्या याच.

मैत्रिणींसाठी किंवा ऑफिससाठी घेणार असाल तर सगळ्यांची मागणी एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडे द्या आणि एकाच लॉटचं कापड मागा. रंगाईच्या दोन हौदांत एकच कृती केली तरी छटा थोडी हलते. एकेकटी साडी वेगळी दिसत नाही, पण दहाजणी शेजारी उभ्या राहिल्या की फोटोत तीन प्रकारचे निळे दिसतात. फोटोचं निघालंच तर: लाल साडी मोबाइलच्या कॅमेऱ्यात एकसंध ठिपका होते, काठाचं काम दिसत नाही. उजेड थोडा कमी ठेवा किंवा सावलीत काढा. जांभळी बऱ्याच मोबाइलांत निळी येते. ऑनलाइन चित्र पाहून जांभळी निवडताना हेच उलट्या दिशेने फसवतं. चित्रात निळसर वाटणारी प्रत्यक्षात वांगी निघते.

घरी आणल्यावर पहिलं काम फॉल. सुती फॉल आधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावायचा. कोरा लावला तर पहिल्या धुण्यात तो आटतो, साडीतलं पॉलिएस्टर आटत नाही, आणि खालचा काठ चुण्या पडून वर चढतो. पिकोचा दोरा फॉलच्या रंगाचा नको, साडीच्या रंगाचा हवा. काठांची जर प्लास्टिकच्या पातळ चकचकीत फितीची आहे, म्हणून इस्त्री मध्यम आणि मधे सुती कापड. गरम इस्त्री थेट टेकली की जर सुरकुतते आणि परत सरळ होत नाही.

धुणं: लाल, निळी, मोरपंखी, गुलाबी पहिल्या तीन वेळा प्रत्येकी वेगळी. थंड पाण्याची बादली, एक चमचा सौम्य द्रव साबण, साडी आत घालून तीन-चार मिनिटं हलवायची आणि काढायची. भिजत ठेवायची नाही. भिजत ठेवली की सुटलेला रंग परत साडीवरच, पण डागाडागांनी बसतो. लगेच दोन-तीन पाणी, शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. पिळायचं नाही, गुंडाळून दाबायचं. वाळत सावलीत, उलटी. लाल पहिल्या तीन धुण्यांत बादली रंगवते, चौथ्याला बरीच शांत होते.

मीठ, तुरटी, व्हिनेगर घालून रंग 'बांधायचा' घरगुती उपाय इथे चालत नाही. मिठाच्या पाण्यात रंग कमी सुटलेला दिसतो खरा, पण तो मीठ आहे तोवरच. साध्या पाण्यात गेला की पुन्हा सुटतो. कारण तो मोकळा रंग धाग्याशी जोडलेला नसतोच, बांधायचा कशाला? बाजारात मिळणारं रंग पक्कं करणारं द्रव्य थोडं कामाचं आहे, पण ते पांढऱ्या काठाच्या साडीला लावू नये. घामाने भिजलेली साडी रात्रीच घडी घालून ठेवली तर काखेजवळ आणि कमरेशी डाग पक्के होतात. निदान पंख्याखाली पसरून वाळवावी, सकाळी जमल्यास नुसत्या पाण्यातून काढावी.

नऊपैकी आम्ही पुन्हा घेऊ अशा साड्या सहा: पिवळी, हिरवी, केशरी, पांढरी, गुलाबी, मोरपंखी. निळी धुण्याची कटकट सोसायची तयारी असेल तर. राखाडी उन्हात पाहूनच. लाल या संचातली नको. देवीच्या दिवसांत सर्वांत जास्त वेळा नेसली जाणारी साडी तीच, तिच्यासाठी शंभर-दोनशे जास्त मोजून निव्वळ सुती, नीट धुतलेल्या रंगाची घ्यावी. पत्रक रद्दीत टाका, पण त्याच्या मागच्या बाजूची वारांच्या रंगांची यादी आधी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तेवढी मात्र बरोबर आहे, आणि दरवर्षी उपयोगी पडेल.